वसिष्ठ-अरुंधतीचे कुटुंब

लेखमाला : पटावरचे आकाश – भाग ५

आमच्या पारनेरकडे वैशाखात संध्याकाळचे लग्न लागले की भटजी नव्या जोडप्याला मांडवाबाहेर आणतात आणि उत्तरेकडे बोट करतात. सप्तर्षींच्या पतंगाला तीन ताऱ्यांची शेपटी आहे. तिच्यातला मधला तारा वसिष्ठ, आणि त्याला बिलगून दिसणारी बारीक चांदणी ती अरुंधती. माळावरच्या काळोखात नजर चांगली असेल तर दोघे वेगळे दिसतात.

लहान दुर्बिणीतून पाहिले तर एकट्या वसिष्ठाचेच दोन तारे होतात. १८८९ मध्ये हार्वर्ड वेधशाळेत त्यातल्या ठळक ताऱ्याच्या वर्णपटातल्या रेषा ठरावीक दिवसांनी दुभंगताना दिसल्या, आणि तोही जोडतारा असल्याचे कळले. पुढे दुसराही तसाच निघाला. २००९ मध्ये अरुंधतीलाही एक मंद सोबती सापडला. म्हणजे भटजी दाखवतात ते दोघे नव्हेत, सहा जणांचे कुटुंब आहे.

गेल्या आठवड्यात आपण आपल्या अंतराळ-डावपेचांच्या खेळासाठी एका ताऱ्याची ग्रहमाला बांधली आणि पाणी द्रवरूप राहील असा पट्टा आखला. पण सूर्यासारख्या ताऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना सोबती असतो. तेव्हा आज दुसरा तारा.

इथे नवशिका रचनाकार एक चूक हमखास करतो. मधोमध तीन तारे जवळजवळ ठेवतो आणि भोवती ग्रहांची वर्तुळे आखतो. चित्र देखणे दिसते, पण ती रचना टिकणारी नाही. सारख्या अंतरावरचे तीन तारे एकमेकांना ओढत राहतात आणि शेवटी एक, बहुधा सर्वांत हलका, बाहेर भिरकावला जातो. म्हणून निसर्गात टिकते ती जोड्यांची जोडी. वसिष्ठातली एक जोडी साडेवीस दिवसांत एकमेकांभोवती फिरते, दुसरी सुमारे १७५ दिवसांत. या दोन जोड्या परस्परांभोवती फिरायला हजारो वर्षे घेतात, आणि अरुंधतीची जोडी त्याहून कितीतरी दूर आहे. खेळात ही माहिती वंशावळीसारखी साठवा. प्रत्येक फांदीला दोनच फाटे, आणि वरच्या पिढीतले अंतर खालच्या पिढीपेक्षा अनेक पटींनी मोठे.

आता ग्रह कुठे ठेवायचे? त्यासाठी त्याच रात्री, मेच्या मध्यावर अकराच्या सुमारास, दक्षिणेकडे वळा. टेकडी आड नको. हात लांब करून क्षितिजावर मूठ टेकवा. मुठीच्या वरच्या कडेशी दोन ठळक तारे दिसतील. त्यातला डावीकडचा, अधिक तेजस्वी, तो नरतुरंगातला मित्र. अंतर ४.३७ प्रकाशवर्षे. त्यातही दोन मोठे तारे आहेत आणि ते ८० वर्षांत एक फेरी पुरी करतात. पृथ्वी-सूर्य अंतराला एक एकक म्हटले, तर ते एकमेकांच्या ११ एककांपर्यंत जवळ येतात आणि ३६ एककांपर्यंत दूर जातात.

पहिला ढोबळ नियम असा : एकाच ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह दोन ताऱ्यांमधल्या सर्वांत कमी अंतराच्या पावपटीच्या आतच सुरक्षित असतो. मित्राच्या बाबतीत ही हद्द पावणेतीन एककांच्या आसपास येते. मोठ्या ताऱ्याचा पाण्याचा पट्टा सव्वा एककापाशी असल्याने तिथे पृथ्वी ठेवता येईल. पाच एककांवर गुरू मात्र ठेवता येणार नाही, दुसरा तारा त्याला उधळून लावील.

दुसरा नियम दोन्ही ताऱ्यांना मिळून प्रदक्षिणा घालणाऱ्या ग्रहासाठी आहे. तो जोडीतल्या अंतराच्या किमान अडीच-तीनपट बाहेर हवा, कक्षा लांबट असतील तर आणखी दूर. २०११ मध्ये जाहीर झालेल्या केप्लर-१६बी या ग्रहावर हे पडताळता येते. तारे ०.२२ एककावर, ग्रह ०.७ एककावर. तिपटीच्या किंचित बाहेर.

या नियमांनी खेळाचे हात बांधले जातात, असे काहींना वाटते. मला नेमके उलटे दिसते. आपल्याकडे दसऱ्याला सीमोल्लंघन होई, कारण तोवर पाऊस सरून नद्या उतरलेल्या असत. आमच्या पारनेरच्याच जिल्ह्यात, जामखेडजवळ खर्ड्याला, १७९५ ची मराठे-निजाम लढाई झाली ती मार्चमध्ये, कोरड्या दिवसांत. डावपेच ऋतूंतून जन्मतात. मित्राच्या दोन ताऱ्यांना असाच ८० वर्षांचा ऋतू आहे. जवळ असताना एकीकडचा निरोप दुसरीकडे दीड तासात पोहोचतो, दूर असताना पाच तास लागतात. एक चाल म्हणजे एक वर्ष धरले, तर चढाईचा मुहूर्त खेळाडूला पंचांग पाहूनच काढावा लागेल. आणि मित्राच्या या कुटुंबातला तिसरा, प्रॉक्सिमा, इतका लांब आहे की तिथे निरोप पोहोचायला अडीच महिने जातात. तिथला सुभेदार किती काळ इमानी राहील? हा प्रश्न लेखकाला वेगळा रचावा लागत नाही, अंतरच तो उभा करते.

आणि त्या सव्वा एककावरच्या पृथ्वीवरची रात्र डोळ्यांसमोर आणा. दुसरा तारा सर्वांत दूर असतानाही शंभरहून अधिक पौर्णिमेच्या चंद्रांएवढा उजेड देईल. वर्षातले कित्येक महिने तिथे खरी काळोखी रात्रच नसेल. तिथल्या नवरा-नवरीला अरुंधती दाखवायची तर भटजींना आधी ऋतू पाहावा लागेल.

या आठवड्याचा अभ्यास : दोन समान तारे २० एककांच्या वर्तुळाकार अंतरावर ठेवा. एका ताऱ्याभोवती ग्रहांची हद्द कुठे, आणि दोघांभोवतीची कुठून सुरू, ते दोन नियमांनी काढा. मधला पट्टा रिकामा सोडा. तिथे ग्रह आखायचा मोह होईल, तो आवरा.

पुढील भागात : लाल बटूच्या जवळचा ग्रह, ज्याची एकच बाजू कायम उजेडात असते.