येगरसाहेबांचं नाक

हरिश्चंद्रगडाची चार दिवसांची भटकंती उरकून आम्ही खिरेश्वरला एसटीची वाट पाहत बसलो होतो. सगळ्यांचे पॉलिस्टरचे टी-शर्ट सॅकच्या बाहेर बांधलेले, कारण ते आत कोंबायची कुणाची छाती नव्हती. माझ्या अंगात चारही दिवस एकच मेरिनो लोकरीचा टी-शर्ट होता. एका मित्राने संशयाने जवळ येऊन खांद्याशी नाक नेलं आणि म्हणाला, "काहीच नाही रे!"

त्या 'काहीच नाही'च्या मागे मी तेव्हापासून लागलो. मेरिनो मेंढी स्पेनची, तिथून ती ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला कशी गेली, हा इतिहास बहुतेकांनी वाचलेला असतो. तो सोडून देतो. मला हवा होता वासाचा इतिहास. तो शोधता शोधता गाठ पडली एका अफलातून माणसाशी.

गुस्ताव येगर (१८३२–१९१७) हा जर्मन प्राणिशास्त्रज्ञ. डार्विनचा खंदा पाठीराखा. व्हिएन्नात त्याने प्राणिसंग्रहालय काढलं, ते काही चाललं नाही. पुढे श्टुटगार्टला आल्यावर तो वासाच्या नादी लागला, तो कायमचाच. माणसाचा आत्मा म्हणजे त्याचा गंध, असा सिद्धांत त्याने मांडला आणि त्यावर पुस्तकही लिहिलं. भीती आणि दुःख यांना घाण वास, आनंदाला सुवास. आता हा दुष्ट वास अंगाबाहेर जायचा कसा? तर प्राण्यांच्या केसांचं कापड त्याला वाट करून देतं आणि झाडापासून आलेलं कापड त्याला धरून ठेवतं. म्हणून सुती बाद, तागाचं बाद. अंगावर लोकर, अंथरुणात लोकर, चादरसुद्धा लोकरीची. १८८० साली त्याने ही पोशाखसंहिता छापली.

एरवी हे खूळ श्टुटगार्टातच विरलं असतं. पण लुईस टोमालिन या लंडनच्या गृहस्थाने ते वाचलं, इंग्रजीत आणलं, नावाचे हक्क मिळवले आणि १८८४ साली चक्क दुकान थाटलं. नाटककार बर्नार्ड शॉ पहिल्या भक्तांपैकी एक. १८८५ साली वडील वारले, विम्याचे पैसे आले आणि त्यातून शॉने येगरचा लोकरी सूट घेतला. विणलेल्या लोकरीत नखशिखांत गुंडाळलेला शॉ लंडनच्या रस्त्यातून चालताना कसा दिसला असेल, या कल्पनेने मी एकटाच हसलो आहे. पण थट्टा एकीकडे. ध्रुवसंशोधक शॅकल्टन दक्षिण ध्रुवाकडे निघाला तेव्हा त्याच्या सामानातही येगरची लोकर होती.

येगर खुळा होता की बरोबर? याचा निवाडा त्याच्यानंतर ९० वर्षांनी न्यूझीलंडमध्ये लागला. ओटागो विद्यापीठातल्या रेचल मॅक्वीन आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध २००७ साली प्रसिद्ध झाला. काखेत वापरलेले कापडाचे तुकडे माणसांना हुंगायला द्यायचे, असा सरळसोट प्रयोग. (विज्ञानासाठी नाक पुढे करणाऱ्या त्या मंडळींना माझा नमस्कार.) पॉलिस्टरला सर्वांत उग्र वास, सुती मधे, लोकरीला सर्वांत कमी. गंमत पुढे आहे. लोकर जंतू मारते, असं विक्रेते छातीठोकपणे सांगतात. पण इथे लोकरीवरचे जिवाणू मेलेच नव्हते, उलट चांगले तग धरून होते. वासाचे रेणू मात्र तंतूच्या पोटात अडकून पडत होते. लोकरीचा तंतू आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश वाफ आत घेतो, पॉलिस्टर एक टक्काही घेत नाही. म्हणजे येगरचं नाक बरोबर होतं आणि डोकं उलटं. लोकर वासाला वाट देत नाही, कोंडून ठेवते.

मग इतकं गुणी कापड टाकून गिर्यारोहक १९७०-८०च्या दशकांत प्लॅस्टिकच्या धाग्यांकडे का वळले? लोकर टोचते आणि आटते म्हणून.

टोचण्याला अ‍ॅलर्जी समजत. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं की ते निव्वळ यंत्रशास्त्र आहे. ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतूचं टोक टाचणीसारखं ताठ राहून कातडीखालच्या मज्जातंतूला डिवचतं. बारीक तंतू वाकून जातो. असे जाड तंतू साधारण पाच टक्क्यांवर गेले की अंग खाजलंच. अंगालगतच्या कपड्यांसाठी म्हणूनच १७ ते १९ मायक्रॉनची मेरिनो निवडतात. आपल्या धनगरांना हे मायक्रॉनशिवाय ठाऊक होतं: कोकराच्या पहिल्या कातरणीचं जावळ वेगळं काढायचं, कारण जावळाची घोंगडी मऊ. दख्खनी मेंढीची एरवीची लोकर कशी लागते, हे उघड्या पाठीवर घोंगडी घेतलेल्याला विचारा.

आटण्याचं कारण तंतूवरचे खवले. धुताना ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर बाहुलीच्या मापाचा होतो. यावर तोडगा निघाला तो असा: क्लोरीनने खवले बोथट करायचे आणि वर हर्कोसेट नावाच्या राळेचा पातळ थर चढवायचा. ही राळ मुळात कागद भिजला तरी फाटू नये म्हणून वापरात असलेल्या रसायनाच्या कुळातली! मशीनमध्ये धुता येणाऱ्या 'नैसर्गिक' मेरिनोवर बहुतेक वेळा हा प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, आणि क्लोरीनचं सांडपाणी वेगळंच. लेबलावर डोंगर आणि मेंढी छापणाऱ्यांनी हेही छापावं, असं माझं मत आहे.

१९९४ साली एका न्यूझीलंडच्या मेंढपाळाने चोविशीतल्या जेरेमी मूनला मेरिनोचा टी-शर्ट दाखवला आणि त्यातून 'आइसब्रेकर' ही मेरिनो कपड्यांची कंपनी उभी राहिली, तोवर बारीक लोकर आणि न आटणारं कापड, दोन्ही तयार होती. उरली होती एकच खोट: बारीक तंतू लवकर झिजतो. माझ्या त्या टी-शर्टला सॅकच्या पट्ट्याखाली, उजव्या खांद्यावर, ज्वारीच्या दाण्याएवढी तीन भोकं पडली आहेत. आता काही ठिकाणी नायलॉनच्या बारीक तंतूभोवती मेरिनो जवळजवळ पीळ न देता गुंडाळतात. पीळ नसल्याने धागा फुगीर राहतो, ऊब वाढते, आणि झिजेचा भार नायलॉन उचलतं. शुद्धतावादी नाक मुरडतात. मी रफू करून कंटाळलो आहे, मी मुरडत नाही.

तुम्ही मेरिनो घेतलीत, तर ट्रेकहून आल्याआल्या मशीनमध्ये टाकू नका. रात्रभर गॅलरीतल्या दोरीवर वाऱ्याला टाका आणि सकाळी स्वतःच हुंगून पाहा.