ब्राऊजर ‘थांबा’ म्हणतो तेव्हा...

वीजबिल भरण्याची शेवटची तारीख. रात्रीचे साडेदहा वाजलेले. घरातल्या जुन्या संगणकावर संकेतस्थळाचा पत्ता टाइप केला, तर अपेक्षित पानाऐवजी पडद्यावर तांबडे चिन्ह आणि ‘युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ असा इशारा. खाली दोन वाटा : एक मागे फिरण्याची, दुसरी ‘ॲडव्हान्स्ड’ या शब्दाआड दडलेली, धोका पत्करून पुढे जाण्याची. घाईत असलेला माणूस बहुधा दुसरी वाट धरतो. एकदा काही बिघडले नाही की पुढे तीच सवय होते, आणि ती महागात पडू शकते. वास्तविक या इशाऱ्याचे कारण पडद्यावरच लिहिलेले असते. अनेकदा दोष आपल्याच संगणकात असतो आणि तो पाच मिनिटांत दूर होण्याजोगा असतो. तेव्हा हा इशारा नेमके काय सांगतो, हे समजून घेणे हिताचे.

ओळखपत्राची तपासणी

मीटर तपासायला आलेल्या अनोळखी माणसाला आपण दारातच ओळखपत्र विचारतो. त्यावर त्याचेच नाव आहे का, मुदत संपलेली नाही ना आणि शिक्का विश्वासार्ह कार्यालयाचा आहे का, हे पाहून मगच त्याला आत घेतो. ‘एचटीटीपीएस’ने सुरू होणारा पत्ता उघडताना ब्राऊजर हेच करतो. संकेतस्थळ आपले प्रमाणपत्र पुढे करते आणि ब्राऊजर त्यावरचे नाव, तारीख व शिक्का तपासतो. शिक्का देणाऱ्या संस्थांना ‘सर्टिफिकेट ऑथॉरिटी’ म्हणतात. त्यांपैकी कोणावर विश्वास ठेवायचा, याची यादी ब्राऊजरमध्ये किंवा संगणकाच्या कार्यप्रणालीत आधीच साठवलेली असते. तपासणीत काही खटकले की ब्राऊजर दार लावून घेतो. इशाऱ्याखाली बारीक अक्षरांत जो संकेत दिसतो, त्यावरून काय खटकले ते कळते.

तारीख चुकली

संकेतात ‘डेट इन्व्हॅलिड’ हे शब्द असतील, तर प्रथम आपल्या संगणकाचे घड्याळ पाहावे. वेळेबरोबर तारीख आणि वर्षही पाहावे. संगणक कित्येक वर्षे मागे गेला असेल, तर आजचे प्रमाणपत्र त्याच्या दृष्टीने अजून लागूच झालेले नसते. अशा वेळी जवळपास सर्वच संकेतस्थळांवर इशारा दिसू लागतो. ही दोष घड्याळात असल्याची मोठी खूण. विंडोजमध्ये उजव्या कोपऱ्यातील घड्याळावर माऊसचे उजवे बटण दाबून तारीख व वेळेची जुळणी उघडावी, टाइम झोन भारताचा असल्याची खात्री करावी आणि वेळ आपोआप जुळवण्याचा पर्याय सुरू करावा. संगणक बंद करून सुरू केल्यावर तारीख पुन्हा मागे जात असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराचा सेल संपला असण्याचा संभव आहे. डेस्कटॉपमध्ये तो बहुधा ‘सीआर २०३२’ या क्रमांकाचा असतो आणि बदलून घेता येतो.

घड्याळ बरोबर असूनही एकाच संकेतस्थळावर हा इशारा येत असेल, तर प्रमाणपत्राची मुदत खरोखर संपलेली असू शकते. नूतनीकरण करणे चालकांचे काम. आपण वाट पाहावी. प्रमाणपत्राची कमाल मुदत सप्टेंबर २०२० पासून ३९८ दिवसांवर आणण्यात आली. ती १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून अवघे ४७ दिवस करण्याचे २०२५ मध्ये ठरले. त्यामुळे हाताने नूतनीकरण करणाऱ्या कार्यालयांना हे काम विसरणे परवडणारे नाही.

नाव जुळले नाही

‘कॉमन नेम इन्व्हॅलिड’ म्हणजे प्रमाणपत्र दुसऱ्याच नावाचे आहे. पत्ता लिहिताना एखादे अक्षर चुकले का, ते आधी पाहावे. कधी प्रमाणपत्र केवळ ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’सह असलेल्या पत्त्यासाठी घेतलेले असते आणि आपण ते गाळलेले असते. हॉटेल, विमानतळ वा रेल्वे स्थानकावरील मोफत वाय-फाय हे आणखी एक कारण. लॉगिन होईपर्यंत ते जाळे आपली विनंती मध्येच अडवून स्वतःचे पान पुढे करू पाहते आणि ब्राऊजरला तोतयाचा संशय येतो. वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर तोच पत्ता उघडून पाहावा. इशारा नाहीसा झाला, तर दोष त्या जाळ्याकडे आहे असे समजावे आणि त्यावरून पैशाचा व्यवहार करू नये.

शिक्का अनोळखी

‘ऑथॉरिटी इन्व्हॅलिड’ हा प्रकार अधिक गुंतागुंतीचा. काही अँटिव्हायरस प्रोग्राम आणि कार्यालयांतील जाळी तपासणीसाठी मध्ये बसून स्वतःचा शिक्का मारतात. ती व्यवस्था बिघडली की इशारे सुरू होतात. घरी अँटिव्हायरस अद्ययावत करावा, कार्यालयात संगणक विभागाला विचारावे. दुसरे कारण जुनाट यंत्र. मोफत प्रमाणपत्रे देणारी ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्राच्या आधारावर उभी राहिली, त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपली. नव्या मूळ प्रमाणपत्राची माहिती नसलेल्या अनेक जुन्या फोन व संगणकांवर त्यानंतर धडधाकट संकेतस्थळेही अडू लागली. यावर खरा उपाय कार्यप्रणाली अद्ययावत करण्याचा. फायरफॉक्स विश्वासार्ह संस्थांची स्वतःची यादी बाळगतो. त्यामुळे त्याची नवी आवृत्ती घालून पाहिल्यास दोष संगणकाच्या यादीत आहे की संकेतस्थळात, याचा अंदाज येतो. मात्र ‘आमचे प्रमाणपत्र तुमच्या संगणकात बसवा’ असे कोणी अनोळखी व्यक्तीने सांगितल्यास ते कदापि करू नये. तसे करणे म्हणजे घराच्या किल्ल्या देण्यासारखे आहे.

इशारा ऐकल्याचा लाभ

शिक्का देणाऱ्याच्या घरीच चोरी झाली तर? २०११ मध्ये नेदरलँड्समधील ‘डिजिनोटार’ या संस्थेत घुसखोरांनी पाचशेहून अधिक बनावट प्रमाणपत्रे तयार केली. त्यांतील गुगलच्या नावाचे प्रमाणपत्र वापरून इराणमधील नागरिकांच्या जीमेलवर पाळत ठेवण्यात आली. शिक्का खरा असल्याने ब्राऊजर सहसा फसत होते. परंतु गुगलच्या संकेतस्थळांसाठी क्रोममध्ये अधिकची तपासणी होती. तेथील एका सामान्य वापरकर्त्याला क्रोमने इशारा दिला. त्याने तो बाजूला न सारता जाहीरपणे विचारणा केली आणि प्रकरण उजेडात आले. त्याच वर्षी ‘डिजिनोटार’ दिवाळखोरीत गेली. भारतातही जुलै २०१४ मध्ये नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटरच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून गुगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे आढळले आणि त्या यंत्रणेचे अधिकार रद्द करावे लागले.

पुढे जावे का?

स्वतःच्याच घरातील राऊटरचे पान उघडताना असा इशारा येतो, कारण त्याचे प्रमाणपत्र त्याने स्वतःच तयार केलेले असते. आपल्या घरच्या जाळ्यावर तेथे पुढे जाण्यास हरकत नाही. परंतु बँक, ई-मेल, बिलभरणा किंवा सरकारी सेवेच्या पानावर इशारा असताना पासवर्ड, कार्डाचा क्रमांक वा ओटीपी देऊ नये. काही संकेतस्थळांवर ब्राऊजर पुढे जाण्याची वाटच ठेवत नाही. ती संकेतस्थळांनीच मागून घेतलेली खबरदारी असते. उलट, इशारा आला नाही म्हणून समोरचा प्रामाणिक आहे, असेही समजू नये. बँकेशी मिळतेजुळते नाव घेऊन भामटेही त्या नावाचे वैध प्रमाणपत्र मिळवू शकतात. म्हणून पत्ता अक्षर अन् अक्षर वाचावा.

राहिला प्रश्न त्या वीजबिलाचा. घड्याळ तपासावे, मोबाइल डेटावरून प्रयत्न करावा, तरीही इशारा कायम राहिला तर बिल उद्या भरणा केंद्रावर जाऊन भरावे. विलंबाचा आकार थोडका असतो आणि किती ते बिलावर छापलेले असते. खाते रिकामे झाले तर नुकसान किती होईल, हे कोठेही छापलेले नसते.