बाबागाडीतून दिसणारं जग

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतली कितीतरी तरुण जोडपी नोकरीनिमित्त परदेशी आहेत आणि अनेकांच्या कडेवर एखादं पोर आहे. एकट्या माणसाला तिकडे ऑफिस, घर आणि सुपरमार्केट एवढं पुरतं. मूल असलं की पाळणाघर, बालवाडी, बाग, लसीकरण, शेजारच्या मुलाचा वाढदिवस अशी दारं एकामागून एक उघडत जातात. देश कळतो तो या दारांतूनच, असं माझं ठाम मत आहे. तिथे भेटणाऱ्या या काही गमती.

पेढ्यांऐवजी बडीशेप

नेदरलँडमध्ये बाळ बघायला गेलात की हातात लोणी लावलेला गोल टोस्ट येतो. त्यावर साखरेच्या पाकात घोळवलेली बडीशेप असते. मुलगी झाली असेल तर गुलाबी-पांढरी, मुलगा झाला असेल तर निळी-पांढरी. आपल्याकडच्या पेढे आणि बर्फीच्या हिशेबाशी किती जुळणारी ही रीत!

त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे बाळंतपणानंतर साधारण आठवडाभर एक प्रशिक्षित बाई घरी येते. बाळाची अंघोळ, आईची तपासणी, दूध पाजण्याची नीट पद्धत, शिवाय घरकामाला थोडा हातभार. खर्चाचा मोठा भाग आरोग्यविमा उचलतो. आजीचा व्हिसा रखडला, तर नवख्या आईबापांना हा आधार केवढा वाटत असेल!

याच देशात वाढदिवसाला गेलात, तर शुभेच्छा एकट्या उत्सवमूर्तीला देऊन भागत नाही. आई, बाबा, आजी, मावशी, सगळ्यांचं अभिनंदन करायचं. आणि कुणाचा वाढदिवस कधी, ते लिहिलेलं कॅलेंडर अनेक घरांत लटकतं संडासाच्या भिंतीवर. रोज नजर पडते, त्यामुळे विसरायची सोय नाही.

फिनलंडची भेट तर जगप्रसिद्ध आहे. सरकार होणाऱ्या आईला एक पेटी देतं: कपडे, दुपटी, पांघरूण आणि तळाशी छोटी गादी. सामान काढलं की रिकामी पेटी हाच बाळाचा पहिला बिछाना. योजना 1938 मध्ये गरीब मातांसाठी सुरू झाली, 1949 पासून ती सगळ्यांना खुली झाली.

कानटोपीच्या पलीकडे

डिसेंबरात पारा जरा उतरला की कल्याणची आजी बाळाला कानटोपी, मोजे, शाल असं सगळं चढवते. तिला डेन्मार्कला न्यावं. तिथे भर हिवाळ्यात बाळं बाबागाडीत, जाड पांघरुणात, घराबाहेर झोपतात. मोकळ्या हवेत झोप चांगली लागते, अशी तिथल्या लोकांची पक्की समजूत आहे. शेजारच्या स्वीडनमध्ये गोळ्या-चॉकलेटांचा वार ठरलेला: शनिवार. बाकी दिवशी हट्ट नाही. आणि मुलांना घरातही मारायचं नाही, असा कायदा करणारा स्वीडन हा जगातला पहिला देश, 1979 साली.

दाताची गोष्ट

माझी सगळ्यांत आवडती गंमत दुधाच्या दाताची. पडलेला दात कौलावर फेकायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. आता टॉवरच्या बाराव्या मजल्यावरून कौल कुठे शोधणार! पण जपानमध्येही दात फेकतातच, आणि दिशेचा विचार करून. खालचा दात छपरावर, वरचा दात जमिनीकडे किंवा घराच्या जोत्याखाली. नवा दात त्याच दिशेने सरळ वाढावा, ही त्यामागची इच्छा.

फ्रान्समध्ये दात उशीखाली ठेवला की रात्री छोटी उंदरीण येते आणि नाणं ठेवून जाते. स्पेनमध्ये येतो तो उंदीर पेरेझ. लुईस कोलोमा नावाच्या पाद्रीलेखकाने ही गोष्ट लिहिली ती आठ वर्षांच्या राजासाठी, तेराव्या अल्फान्सोसाठी. त्या बालराजाचा दात पडला होता. अमेरिकेत हेच काम परी करते. इतक्या देशांना उंदीरच का सुचला? उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. असे दात आपल्या लेकराला मिळाले तर कुणाला नको आहेत?

दातांवरून कल्याणची एक थोर गोष्ट आठवते. अमेरिकेत न्यू जर्सीच्या रोझेल गावी मिसेस कार्पेंटर दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट बघत बसल्या होत्या. तिथे पडलेल्या एका मासिकात त्यांनी एका हिंदू मुलीच्या शिक्षणाविषयीचं पत्र वाचलं आणि थेट हिंदुस्थानात पत्र धाडलं. ती मुलगी म्हणजे 31 मार्च 1865 रोजी कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी. 1883 मध्ये अठराव्या वर्षी त्या अमेरिकेत उतरल्या आणि आधी राहिल्या कार्पेंटर कुटुंबातच. परका देश त्यांना पहिल्यांदा दिसला तो एका भरल्या घरातून. 1886 मध्ये फिलाडेल्फियाला त्या डॉक्टर झाल्या.

शाळेच्या वाटेवर

आपल्याकडे पहिलीच्या वर्गात मूल पोचतं ते रिक्षावाल्या काकांच्या भरवशावर. जर्मनीत पहिल्या दिवशी मुलाच्या हातात त्याच्याएवढाच वाटणारा रंगीत कागदी कोन असतो. त्यात खाऊ, पेन्सिली, छोटी खेळणी. ही पद्धत एकोणिसाव्या शतकापासूनची. अमेरिकेत पिवळी स्कूलबस थांबून लाल पाटी बाहेर आली की मागची वाहनं थांबतात आणि दुभाजक नसलेल्या रस्त्यावर समोरचीही. हा पिवळा रंग 1939 मध्ये न्यूयॉर्कला एका परिषदेत ठरला. जपानमध्ये लहान मुलं गटागटाने पायी शाळेत जातात, दुपारचं जेवण एकमेकांना वाढतात आणि वर्ग स्वतः झाडतात, पुसतात. ऑस्ट्रेलियातल्या कितीतरी शाळांचा नियम: टोपी नाही तर मैदान नाही. ऊन तिथे फार कडक.

जर्मनीतला 11 नोव्हेंबर मात्र आपल्या मुलांचा खास दिवस ठरावा. संत मार्टिनच्या स्मरणार्थ बालवाडीतली मुलं स्वतः केलेले कागदी कंदील काठीला अडकवून, गाणी म्हणत संध्याकाळी रस्त्याने फिरतात. दिवाळी याच सुमारास येते. फडके रोडवरची दिवाळी पहाट हुकल्याची हुरहूर असलेल्या डोंबिवलीकराच्या घरात तेव्हा खिडकीत आकाशकंदील आणि लेकराच्या हातात मार्टिनचा कंदील, असे दोन्ही उजेड नांदू शकतात.

रविवारी शाळा!

ठाण्यात 1879 सालचं सिनेगॉग आहे. इथल्या आणि कोकणातल्या बेने इस्रायल कुटुंबांपैकी बरीच 1948 नंतर मुलाबाळांसह इस्रायलला गेली. तिथे सुट्टी शनिवारची आणि रविवारी शाळा. या मंडळींनी तिकडे मराठी इतकी जपली की ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक इस्रायलमधून निघालं. दुबईतल्या मराठी मुलांची सुट्टी तर डोळ्यांदेखत बदलली. आधी शुक्रवार-शनिवार होती. 1 जानेवारी 2022 पासून शनिवार-रविवार झाली आणि शुक्रवार अर्ध्या दिवसाचा.

आइसलँडला गेलात तर आपलं नाव समजावून सांगायला फार कष्ट पडणार नाहीत. तिथे बहुतेकांना आडनावच नसतं. नावापुढे येतं वडिलांचं, कधी आईचं नाव, त्याला ‘चा मुलगा’ किंवा ‘ची मुलगी’ असं जोडून. फोनच्या यादीतही क्रम लागतो पहिल्या नावाचा.

ही सगळी माहिती मुलांकडे आपसूक जमते आणि मोठी झाली की ती विसरतात. म्हणून ठाण्या-डोंबिवलीतल्या आजीआजोबांना एक विनंती. पुढच्या व्हिडिओ कॉलवर ‘जेवलास का?’ विचारून झालं की आणखी एक विचारा: ‘आज वर्गात काय नवीन बघितलंस?’ जे सांगेल ते तारीख घालून वहीत लिहून ठेवा.