इंजिनियर आणि गावकरी

कालवा कागदावर आखता येतो. विश्वास मात्र समोरासमोर बसूनच मिळवावा लागतो. १८९९ च्या सुमारास विश्वेश्वरय्या पुण्यास कार्यकारी अभियंता होते. नीरा कालव्याचे पाणी थोड्यांच्या उसालाच भरपूर मिळे. त्यांनी 'ब्लॉक' पद्धत सुचविली: गटातील तिसऱ्या हिश्श्यात ऊस, उरलेल्यात कमी पाण्याची पिके, आणि पाळीपाळीने फेरपालट. बागायतदार बिथरले, हातचे पाणी जाणार, असे त्यांना वाटले. नुसता हुकूम न सोडता विश्वेश्वरय्यांनी त्यांना हिशेब समजावून दिला, आणि पुढे ही पद्धत रुजली.

तुमच्या गावी बंधारा व्हायचा असेल, तर इंजिनियरला चावडीवर बसवा, बेधडक विचारा. आणि इंजिनियरांनो, जमणार नाही ते आधीच सांगा. उशिरा कळलेला नकार माणसाला फसवणुकीसारखाच लागतो.