लेखांक ९ : सरासरी आणि पसारा

मार्करांच्या परिणामांची बेरीज करून प्रत्येक वाणाचे पैदासमूल्य काढता येते, हे मागील लेखांकात पाहिल्यावर एका वाचकाने रास्त शंका उपस्थित केली आहे : मूल्यांची यादी हाती असेल, तर तिच्यातील पहिल्या दोन वाणांचा संकर करावा, जोडी निवडण्याचा वेगळा विचार हवाच कशाला? ही शंका विषयाच्या मुळाशी जाणारी असल्यामुळे या आठवड्यासाठी योजलेला विविधता टिकवण्याचा प्रश्न पुढे ढकलून संपूर्ण लेखांक तिलाच देणे इष्ट ठरेल.

शंभर वाणांतून दोन-दोन घेतले तर ४,९५० जोड्या होतात. भातासारख्या पिकात एका संकरासाठी फुले उमलण्यापूर्वी प्रत्येकातील सहाही पुंकेसर काढून टाकावे लागतात, नंतर निवडलेल्या नराचे पराग त्यावर सोडावे लागतात आणि संततीचे गुण स्थिर होईपर्यंत पुढे अनेक पिढ्या वाढवाव्या लागतात. त्यामुळे हजारो जोड्यांपैकी मोजक्याच प्रत्यक्षात आणता येतात. फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत पीटर जेनिंग्ज यांनी १९६२ मध्ये ३८ संकर केले आणि त्यांतील आठव्याने, म्हणजे पेटा व डी-जिओ-वू-जेन यांच्या संकराने, आयआर-८ हा वाण दिला. इंडोनेशियाचा पेटा हा उंच, खताची मात्रा वाढताच लोळणारा. तैवानचा डी-जिओ-वू-जेन हा बुटका. हे बुटकेपण एका अप्रभावी जनुकामुळे येत असल्याने पहिल्या पिढीतील सर्व रोपे उंच निघाली आणि दुसऱ्या पिढीत साधारण चारांत एक रोप बुटके मिळाले. २८८व्या ओळीतील तिसऱ्या रोपाची संतती १९६६ मध्ये आयआर-८ म्हणून प्रसारित झाली. कोकण आणि गोव्याच्या शेतकऱ्यांच्या परिचयाच्या जया व रत्ना या वाणांतही तोच तैवानी बुटकेपणा उतरला आहे. पेटा व डी-जिओ-वू-जेन यांपैकी एकही वाण स्वतःहून क्रांती घडवणारा नव्हता. सामर्थ्य होते ते त्यांच्या संततीतील गुणांच्या पसाऱ्यात.

हा विचार सूत्रात मांडण्याचे श्रेय जर्मन संशोधक श्नेल आणि उट्झ यांच्याकडे, १९७५ सालाकडे जाते. त्यांच्या मते संकराची उपयुक्तता म्हणजे संततीची सरासरी अधिक निवडीतून मिळणारा लाभ; आणि हा लाभ निवडीची तीव्रता, निवडीची अचूकता व संततीचे आनुवंशिक प्रमाण विचलन या तिघांच्या गुणाकाराइतका असतो. तीव्रता म्हणजे किती थोडी रोपे राखली जातात त्याचे माप असून वरची पाच टक्के राखल्यास ते २.०६ येते, अचूकता म्हणजे अंदाज केलेले मूल्य आणि खरे मूल्य यांच्यातील सहसंबंध, प्रमाण विचलन म्हणजे संतती सरासरीभोवती किती विखुरली आहे, त्याचे माप.

हेक्टरी ५० क्विंटल सरासरी व १ क्विंटल विचलन असलेला एक संकर आणि ४९ क्विंटल सरासरी व २ क्विंटल विचलन असलेला दुसरा, असे दोन कल्पित संकर शेजारी ठेवून पाहता येतात. अचूकता पूर्ण, म्हणजे १ असेल, तर पहिल्याची उपयुक्तता ५२.०६ आणि दुसऱ्याची ५३.१२ येते, म्हणजे कमी सरासरीचा संकर सरस ठरतो. अचूकता ०.५ वर आली की आकडे ५१.०३ आणि ५१.०६ असे जवळजवळ समान होतात, ती ०.३ झाली की पहिला ५०.६२ आणि दुसरा ५०.२४, म्हणजे निकालच उलटतो. पसाऱ्यातील उत्तम रोप ओळखता येत नसेल तर त्या पसाऱ्याचा पैदासकाराला उपयोग नाही.

सरासरीचा अंदाज सोपा आहे, कारण जनुकांचे परिणाम केवळ बेरजेचे मानल्यास ती दोन पालकांच्या मूल्यांच्या मध्यावर असते. पसारा मात्र जनुके गुणसूत्रावर कशी मांडली आहेत, यावर अवलंबून असतो. एकाच गुणसूत्रावरील दोन जनुकांचे अनुकूल रूप मूल्यात एकाने भर घालते आणि प्रतिकूल रूप एकाने घट करते, तसेच त्यांच्यात दर शंभर युग्मकांमागे दहांत अदलाबदल होते, असे मानावे. दोन्ही अनुकूल रूपे एकाच पालकाकडे असतील, तर संकरित रोपाच्या युग्मकांतील गुणसूत्रे दुप्पट करून मिळवलेल्या शुद्ध वंशांचे प्रचरण, म्हणजे विचलनाचा वर्ग, ३.६ येते; ती दोघांत वाटलेली असतील तर तेच ०.४ होते. दोन्ही प्रसंगी सरासरी शून्यच असते, पण प्रचरणात नऊपट अंतर पडते. तथापि पहिल्या प्रसंगीचे सर्वोत्तम वंश हे त्या चांगल्या पालकाचीच पुनरावृत्ती होत. पालकांना मागे टाकणारे वंश दुसऱ्या प्रसंगीच, शंभरांत सुमारे पाच, निघतात. म्हणूनच केवळ पसारा पाहून जोडी निवडणेही तितकेच फसवे ठरते.

मार्करांचे परिणाम आणि त्यांची गुणसूत्रांवरील अंतरे ठाऊक असल्यास हे गणित प्रत्येक जोडीसाठी, एकही फूल न उघडता, करता येते : संगणकावर कल्पित संतती निर्माण करून, किंवा लेहरमायर व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडल्याप्रमाणे थेट सूत्राने. मर्यादा एवढीच की, अंदाजपद्धती मार्करांचे परिणाम शून्याकडे ओढत असल्याने भाकीत केलेला पसारा वास्तवापेक्षा लहान निघतो आणि सरासरीइतका विश्वसनीय नसतो. त्यातच अनेक पैदास कार्यक्रमांत संकरांच्या सरासऱ्यांतील अंतर त्यांच्या विचलनांतील अंतराहून मोठे असते, तेव्हा यादीच्या शिरोभागातील वाणच पुन्हा पुढे येतात.

वाचकाच्या शंकेचे उत्तर यातून मिळते. पहिल्या दोन वाणांचा संकर वाईट नव्हे. परंतु त्यांची अनुकूल जनुके एकच असतील तर संततीत नवे काही निघणार नाही, आणि यादीत दहावा असलेला, पण पूरक जनुके बाळगणारा वाण त्या जागी अधिक लाभदायक ठरू शकेल. तो लाभ पदरात पडण्यासाठी चाचणीच्या शेतांत काटेकोर मोजमाप हवे, कारण अचूकता तिथेच कमावली जाते. प्रत्येक हंगामात सर्वाधिक उपयुक्त जोड्याच निवडत गेल्यास दहा पिढ्यांनी पसारा उरेल का, हा लांबणीवर टाकलेला प्रश्न पुढील लेखांकात.