बिअरचे पाणी: आधी क्लोरिन काढा

बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असते. तरीही अमेरिकेत घरी बिअर बनवणारे अनेकजण माल्ट आणि हॉप्स निवडण्यात जीव ओततात, पाणी मात्र थेट नळाचे घेतात. जे पाणी पिण्यास निर्धोक, ते बिअरला का चालू नये, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर क्लोरिनमध्ये आहे. माल्टमधील फिनॉलशी त्याचा संयोग होऊन क्लोरोफिनॉल तयार होतात आणि अब्जात काही भाग इतक्या अल्प प्रमाणातही बिअरला औषधी वास येतो. उकळल्यावर क्लोरिन उडून जातो, हेही खरे. पण सॅन फ्रान्सिस्कोत नळाचे पाणी निर्जंतुक ठेवायला २००४पासून क्लोरिनऐवजी क्लोरामाइन वापरतात, ते उकळूनही सहजी जात नाही. सक्रिय कोळशाच्या फिल्टरमधून पाणी अगदी संथ सोडले, तरच ते अडते. त्याहून सोपा उपाय कॅम्पडेनच्या गोळीचा. पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची ही एक गोळी चुरून टाकली, की सुमारे ७५ लिटर पाण्यातील दोन्ही रसायने काही मिनिटांत निष्प्रभ होतात.

मग सरळ आरओचे पाणी का घेऊ नये? कारण त्यात कॅल्शियमही जवळजवळ उरत नाही. माल्ट भिजवताना योग्य आम्लता साधायला आणि पुढे यीस्ट तळाशी बसायला कॅल्शियमची मदत होते, म्हणून जिप्सम किंवा कॅल्शियम क्लोराइड मोजून घालावे लागते. इंग्लंडमधील बर्टनचे जिप्समयुक्त पाणी कडवट पेल एलला मानवले, तर पिल्सेनचे मृदू पाणी फिकट लागरला. क्षारांचा हिशेब असा बिअरच्या प्रकारानुसार बदलतो; क्लोरिन मात्र प्रत्येक वेळी काढलाच पाहिजे. तेव्हा महागडे हॉप्स घेण्याआधी आपल्या पाणीपुरवठ्याचा अहवाल वाचा.