विरोध सक्तीला, फटका गरिबांना

अमेरिकेतल्या ‘ओबामाकेअर’बद्दल एक समज पक्का बसलेला आहे : राज्यांनी स्वतःचे कायदे करून आरोग्यविम्याची सक्ती हाणून पाडली. तसं घडलेलं नाही. मार्च 2010मध्ये या केंद्रीय आरोग्यविमा कायद्यावर राष्ट्राध्यक्ष ओबामांची सही होण्याआधीच आयडाहोने सक्तीविरोधी कायदा केला होता. ऑगस्टमध्ये मिझुरीच्या सुमारे 71 टक्के मतदारांनी तसाच कौल दिला. पण केंद्राचा कायदा वैध असेल, तर त्याच्या आड येणारा राज्याचा कायदा तिथे टिकत नाही. विमा नसणाऱ्यांचा दंड 2019पासून शून्य झाला, तो अमेरिकी संसदेच्या 2017च्या करकायद्यामुळे. त्यानंतर कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीने तर आपापल्या राज्यात स्वतःहून सक्ती आणली.

विमा न घेतल्यास तुरुंग, हीसुद्धा अफवाच. फौजदारी कारवाईला कायद्यातच मनाई होती.

26 राज्यं सर्वोच्च न्यायालयात गेली आणि हरली, हे मात्र अर्धंच खरं आहे. 28 जून 2012 रोजी सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांच्या निकालपत्राने दंडाला कर मानून सक्ती 5 विरुद्ध 4 मतांनी वैध ठरवली. त्याच निकालात राज्यांनी एक मोठी गोष्ट जिंकली. गरिबांसाठीच्या ‘मेडिकेड’ योजनेची व्याप्ती वाढवली नाही, तर आधीपासून मिळणारा निधीही बंद करू, ही केंद्राची धमकी घटनाबाह्य ठरली. व्याप्ती वाढवायची की नाही, हे राज्यांच्या मर्जीवर आलं.

माझ्या मते खरी हानी इथे झाली. दारिद्र्यरेषेखालच्या सगळ्यांना मेडिकेड मिळेलच, असं गृहीत धरून कायद्याने विम्याच्या हप्त्यावरचं अनुदान त्या रेषेपासून वर ठेवलं होतं. त्यामुळे व्याप्ती न वाढवलेल्या टेक्सासमध्ये मुलंबाळं नसलेला, धडधाकट पण अत्यंत गरीब माणूस मेडिकेडलाही मुकतो आणि अनुदानालाही. त्याच्यापेक्षा थोडं जास्त कमावणाऱ्याला मात्र अनुदान मिळतं. पैसा नव्हता म्हणावं, तर 2020पासून वाढीव खर्चाचे 90 टक्के केंद्रच देतं.

मेडिकेडचा विस्तार नाकारणाऱ्या राज्यांतल्या जनतेलाच तो नको आहे, असंही सांगितलं जातं. पण सक्ती झिडकारणाऱ्या त्याच मिझुरीत 2020मध्ये मतदारांनी मेडिकेडचा विस्तार राज्यघटनेत घातला. विधिमंडळाने निधी अडवला, तेव्हा 2021मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मतदारांच्या बाजूने निकाल दिला. टेक्सासमध्ये मात्र नागरिकांना स्वतःहून असं राज्यव्यापी मतदान घडवून आणण्याची सोयच नाही.